पायलच्या आजीचं पाणी

आमच्या उरणच्या फार्मसी कॉलेजात संघमित्रा मॅडम केमिस्ट्री शिकवतात. वडील मराठवाड्यातून वाशीच्या मार्केटात हमालीला आलेले, घर आता ऐरोलीला. त्यांच्या डोक्यात बालार नावाचा एक जुना फ्रेंच केमिस्ट ठाण मांडून बसलाय. विषय गोळीचा असो की मलमाचा, मॅडमची गाडी त्याच्यावर येणारच. "सासरच्या माणसांचंही कुणी इतकं कौतुक करत नाही हो," असं मी स्टाफरूममध्ये छेडायचो. त्या हसायच्या आणि पुन्हा सुरू.

हा बालार गरिबाघरचा, धर्ममातेने वाढवलेला. फार्मसी शिकला, प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राबला. गावाजवळच्या मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरतं, ते त्याने तपासायला घेतलं. त्यात क्लोरीन सोडला तर पाण्याला पिवळा रंग चढला. त्या रंगाचा पिच्छा पुरवून पठ्ठ्याने पंचविशीच्या आत ब्रोमीन शोधून काढलं. पुढे त्यापासून केलेली औषधं कित्येक वर्षं फिट्सच्या पेशंटना देत असत.

यंदा मॅडमनी त्याला कामाला लावलं ते पायलसाठी. पायल इथल्याच मिठागरावरची, आजीने वाढवलेली. पेपर चांगला लिहायची, पण तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर तिची दातखीळ बसायची. दोनदा नापास झाली, तेव्हा म्हणाली, "मॅडम, कॉलेज सोडते. गोडाऊनमध्ये काम मिळतंय."

"खुशाल जा," मॅडम म्हणाल्या. "त्याआधी तुमच्या मिठागरातलं उरलेलं पाणी आण. बालारचा प्रयोग तू करून दाखव."

तिने आणलं. सगळा वर्ग जमला. पायलने क्लोरीनचं पाणी ओतलं आणि काहीच झालं नाही. पाणी आपलं होतं तसंच. पोरं फिदीफिदी हसली. "बुडाला तुमचा बालार," मीही बोलून गेलो. माझी जीभ कधी गप्प बसेल तर शपथ. पायलने बॅग उचलली.

मॅडमनी तिला दारातच अडवलं आणि आजीला फोन लावायला सांगितला.

"आजी, पाणी कुठलं दिलंत?"

"खारीचा ताजा पानी दिला, गालून," आजी म्हणाली. "आवऱ्या मोठ्या कालेजान ता घान पानी कसा देवाचा? आमाला लाज हाय ना!"

मीठ काढून उरलेल्या पाण्याऐवजी आजीने खाडीचं स्वच्छ पाणी गाळून दिलं होतं. मॅडमना हसू आवरेना. "आजी, आम्हाला घाणच हवंय!"

दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन आजी स्वतः आली. पायलने पुन्हा क्लोरीनचं पाणी ओतलं. या वेळी पाणी पिवळं झालं, मग नारिंगी.

"यो रंग कुठशी आला गो?" आजीने विचारलं.

आणि पायल बोलायला लागली. आजीच्याच बोलीत, हातवारे करत. मिठाबरोबर काय बाहेर निघतं, पाण्यात काय मागे राहतं, क्लोरीन त्याला कसं हुसकून लावतो, सगळं. मी मधे काही विचारणार होतो, तर मॅडमनी माझा हात दाबला.

"आवरा समदा तुला येतं," आजी म्हणाली, "तं गोडाऊनला कला जातंस?"

पायलने मॅडमकडे पाहिलं, मग आजीकडे.

"नाय जात," ती म्हणाली. "परीक्षा देतंय मी."