देवबागेतली विश्रांती

विश्रांती घ्यायला घरापासून दूर जावं लागतं, हे आम्हाला माझ्या थोरल्या दिरांनी शिकवलं. ते मुंबईला एका कंपनीत हेडक्लार्क होते आणि त्यांचे साहेब म्हणे दर शनिवार-रविवार लोणावळ्याला जात. हेडक्लार्कला लोणावळा कुठला परवडायला? म्हणून एका मे महिन्यात मालवणाजवळ कट्टा गावाशेजारच्या आमच्या घरी रजेवर आलेले असताना त्यांनी देवबागेचा बेत काढला. साठ साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. 'वीकएंड' हा शब्द मी पहिल्यांदा भावोजींच्या तोंडून ऐकला. तोंडात पेढा धरल्यासारखा ते तो उच्चारत.

देवबागेला, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर, सासऱ्यांच्या एका स्नेह्याचं घर उन्हाळ्यात रिकामं असायचं, ते मागून घेतलं. मुलं सासूबाईंकडे ठेवली. आम्ही चौघंच निघालो: भावोजी, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, माझा नवरा आणि मी. नवरा मालवणच्या कचेरीत कारकून होता. साहेबासमोर मान हलवायची त्याची सवय घरी आल्यावरही सुटत नसे, आणि घरी साहेब म्हणजे भावोजी.

ओहोटीबरोबर होडी खाडीतून खाली निघाली. होडीत तांदूळ, वड्याचं पीठ, नारळ, हापूसची एक पेटी, टोप आणि तवे असं सगळं होतं. ते आम्ही दोघींनी भरलं, आम्हीच उचललं. भावोजींनी मुंबईहून आणलेली कॅनव्हासची खुर्ची मात्र स्वतःच्या मांडीवर घेतली होती, कारण ती भिजली असती. वाटेत ते आम्हाला समुद्राच्या हवेतल्या ओझोनविषयी सांगत होते. या माणसाचा जन्म समुद्रापासून दोन कोसांवर झालेला. पण समुद्राच्या हवेत काय असतं ते त्याला दादरच्या कुठल्या वाचनालयात कळलं होतं.

पोचल्यावर त्यांनी सुरूच्या झाडांच्या सावलीत खुर्ची मांडली आणि आडवे झाले. नवरा शेजारी वाळूत बसला. आम्ही घर झाडलं, चुलीतली मागच्या सालची राख काढली. विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून पिण्याचं पाणी चार घरं सोडून पलीकडून आणलं. दुपारी बांगड्याचं तिखलं झालं, सोलकढी झाली. मग चहा, मग पुन्हा चहा. थर्मास भरून द्या, असा नवऱ्याकरवी निरोप आला. संध्याकाळी भावोजी पाण्यापर्यंत गेले. अर्धी चड्डी असूनही ती दोन्ही हातांनी वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, आणि आपण समुद्रस्नान केलं असं जेवताना सांगू लागले. नवऱ्याने मान हलवली. आम्ही भांडी घासून ओटीवर आलो तेव्हा काळोख पडला होता. मला समुद्र ऐकू आला, तेवढाच.

जेवणानंतर भावोजींनी रविवारचा बेत सांगितला. कोंबडी-वडे. कोंबडी त्यांनी शेजारणीकडून आणून खांबाला बांधलीसुद्धा होती. आपल्या लोकांना विश्रांती कशी घ्यावी हेच कळत नाही, असं शुद्ध मराठीत म्हणून ते झोपायला गेले.

रविवारी सकाळचा चहा झाला, थर्मास भरला, दोघे भाऊ सुरूंकडे गेले. मी पाटा धुवायला घेतला. जाऊ दारात उभी राहून कोंबडीकडे बघत होती. मग तिने दोरी सोडली, कोंबडी काखोटीला मारली आणि शेजारणीला परत नेऊन दिली. शेजारीण हसली. परत येऊन जाऊ मला म्हणाली, "चल गो. माका पाण्यात बसाचा आसा."

आम्ही समुद्राकडे गेलो नाही, तिथे खुर्ची होती. खाडीच्या बाजूला गेलो. ओहोटीने वाळू उघडी पडली होती. पाच वारी लुगड्यांसकट आम्ही कमरेएवढ्या पाण्यात बसलो. जाऊ डोळे मिटून बसली होती. मग आपणहून बोलायला लागली. मुंबईला रविवारी भावोजींच्या कचेरीतले लोक पत्ते कुटायला येतात, आणि ती दिवसभर चहा करते. चौपाटी तिने लग्न झालं त्या वर्षी एकदाच पाहिली होती, तेव्हाही भावोजींना पावसाचे ढग दिसले म्हणून लगेच परतावं लागलं. मी आजवर तिचा हेवा करत आले होते. पाण्यात बसल्या बसल्या तो हेवा संपला.

ऊन चढलं तेव्हा मी विचारलं, "वयनी, परतूया? ते वाट बघत आसतीत."

"बघूंदेत," ती म्हणाली. "तू बस."

भरतीचं पाणी छातीला लागेपर्यंत आम्ही बसलो.

घरी गेलो तर ओटीभर आंब्यांच्या साली. दोन पुरुषांनी मिळून हापूसची अख्खी पेटी संपवली होती. बाठे खाली टाकलेले, त्यांवर माश्या घोंघावत होत्या आणि मधोमध भावोजी चिकट हात अंगापासून लांब धरून बसले होते. घागर रिकामी होती, आणि विहिरीवर जाऊन पाणी ओढावं हे दोघांपैकी कुणाला सुचलं नव्हतं. भावोजींनी आधी जाऊला, तुला बरं नाही का, असं विचारलं. दुसरं काही कारण असू शकतं हे त्यांच्या डोक्यात येईना. ती ओल्या लुगड्यानिशी उभीच होती.

"मग जेवण का नाही केलंत?" भावोजींनी विचारलं.

"लाकडां थंयच होती," ती चुलीकडे हात करून म्हणाली आणि लुगडं बदलायला आत गेली.

भावोजी ओरडले असते तर मला थोडा तरी आदर वाटला असता. ते रुसले. संध्याकाळी मी पेज टाकली, ती त्यांनी भिंतीकडे तोंड करून खाल्ली. सोमवारी होडीत ते कुणाशी बोलले नाहीत. घरी मात्र सासऱ्यांना त्यांनी सांगितलं, देवबागेची हवा उत्तम, पण बायकांना विश्रांतीची किंमत नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. ती सवय माझ्या नवऱ्याने कुठून घेतली ते मला तेव्हा दिसलं.

रात्री नवरा मला हळूच म्हणाला, की मला आधी सांगायचं होतंस, मी दादांना समजावलं असतं.

"काय समजावलं असतंस?" मी विचारलं. एरवी मी नवऱ्याला अहोजाहो करायची. त्या रात्री तोंडातून अरेतुरे निघालं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांनी कूस बदलली.

पुढे त्यांच्याबरोबर माझा संसार बरा झाला. ते निर्व्यसनी होते, मुलांना जीव लावायचे. पण त्या रात्रीनंतर त्यांचं मत मी कधी विचारलं नाही, आणि न विचारल्याने माझं कुठे काही अडलंही नाही.