वडूजची तार

फौजेच्या सिग्नलमध्ये सतरा वर्षं तारा ओढून गुंडा माने पेन्शनीवर घरी आला आणि साताऱ्यात एका दूध संघात रोजंदारीवर लागला. साल सत्त्याण्णव. वडूज आणि कोरेगावची शीतकरण केंद्रं मुख्य कचेरीच्या सर्व्हरला जोडायची होती. वडूजची तार गुंडानंच टाकली, अशी की हात फिरवला तरी खोट सापडू नये. ‘सहा महिने नीट चालली तर कायम करू,’ असा शब्द होता.

आता झालं काय, रोज दुपारी एकला वडूज मुकं व्हायचं आणि दोनला आपसूक बोलायचं. पुण्याचे इंजिनिअर सुमंत साहेब म्हणाले, “माने, तुमची तार उन्हानं तापते.”

“आवं साहेब, जैसलमेरात न्हाई तापली, ती वडूजात तापती व्हय?”

सगळे हसले. गुंडा नाही हसला. एसटीनं वडूजला गेला, मीटर लावून वीतन् वीत तार तपासली. ठणठणीत. परतताना पाणी प्यायला कोरेगाव केंद्रात शिरला, तर एक वाजलेला. तिथल्या लीलाबाईंनी भाकरी सोडायच्या आधी कॉम्प्युटर, मोडेम सगळं बंद केलं आणि वर जुनं लुगडं पांघरलं.

“बंद का वं केलं?”

“मी जेवणार आन् त्यानं राबावं? जळलं तर बोंब माझ्या नावानं, मानेदादा.”

गुंडानं साताऱ्याला फोन लावला. वडूज बंद. बाईंना कॉम्प्युटर चालू करायला लावला. वडूज जागं!

साताऱ्यात येऊन त्यानं सर्व्हरवरचा वाटांचा तक्ता, म्हणजे कुठल्या केंद्राची माहिती कुठून यायची ती यादी, उघडायला लावला. वडूजसमोर लिहिलेलं, कोरेगावमार्गे; म्हणजे नव्या तारेऐवजी फोनवरून आधी कोरेगावला, मग साताऱ्याला. तार पडायच्या आधी चाचणीपुरती सुमंत साहेबांनीच घातलेली ती ओळ काढायची राहिली होती. सर्व्हर बंद करून चालू केला की पुन्हा तीच वाट. म्हणजे बघा, ज्या तारेवर एवढा ठपका, तिच्यावरनं सहा महिन्यांत एक अक्षर गेलं नव्हतं.

“कमाल आहे हां तुमची, माने,” म्हणत साहेबांनी ओळ पुसली. वडूज सुरळीत झालं. मग त्यांनी अहवाल लिहिला: ‘वडूजच्या तारेतील बिघाड दूर केला.’

कायम करायच्या बैठकीत तोच कागद वाचला. गुंडा उठून म्हणाला, “बिघाड तारंत नव्हता.” साहेबांनी कागद घडी करून फायलीत ठेवला. अध्यक्ष म्हणाले, “दूर झालाय ना? मग सोडा की.”

गुंडाला कामावरनं सोडलं. लीलाबाई अजून एकला लुगडं पांघरतात. वडूज थांबत नाही. तार तीच आहे.