पायऱ्या किती?

“देवी कशी हाय ते सगळे सांगतात. पायऱ्या किती हायेत ते कुणीच सांगंना!”

जाफराबादच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला म्हणाली. ती मला रोज दिसायची. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत एकच कुबडी. चढताना ती आधी कुबडी आत टाकायची, मग दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला वर ओढायची. कंडक्टरने हात पुढे केला तर म्हणायची, “भाऊ, हात नको. फक्त घंटी जल्दी मारू नका.”

वाटेतल्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. ते खिडकीतून दिसू लागलं की तिचं बोलणं थांबायचं. वळणाआड जाईपर्यंत ती मान वळवून बघत राहायची.

“तीसपर्यंत असल्या तर बसत बसत चढीन,” ती म्हणाली. “चाळीस न्हाई व्हायच्या.”

मी त्या देवळात तीनदा गेले होते, पण पायऱ्या मोजल्या नव्हत्या. रविवारी मुद्दाम जाऊन मोजल्या, त्याही इंग्रजीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ट्वेंटी नाइनला एकोणतीस म्हणायचं की एकोणचाळीस, यात मी अजून चुकते. इथे चुकले असते तर ती गेलीच नसती. घरी आईला दोनदा विचारून घेतलं.

सोमवारी देऊळ दिसू लागलं, तिची मान वळली. अनोळखी माणसाशी मी सहसा बोलत नाही. पुढे वाकले.

“मावशी, एकोणतीस. म्हणजे तिसाला एक कमी. आणि उजवीकडे धरायला दांडा आहे.”