पथ्यवाल्यांचा ओटा

सांधे धरलेली माणसं रोज सकाळी एकाच ओट्यावर येऊन बसली, तर दुसरं काय बोलणार? काल काय खाल्लं आणि आज काय सुजलं. एवढ्या दोन गोष्टींवर आमची कितीतरी वर्षं गेली. धडधाकट माणसाला हे बोलणं पाच मिनिटं ऐकवत नाही. घरचे तर उठूनच जातात. म्हणून ते सगळं ओट्यावर साठत गेलं. आता ओटा आहे, बसणारे नाहीत. माझ्याकडे किस्से तेवढे राहिलेत आणि घरात ऐकणारं कोणी नाही, तेव्हा तुम्हालाच सांगतो.

ओटा जुन्या जालन्यातल्या एका युनानी हकीमजींच्या दवाखान्याचा. राज्य निजामाचं. मी तहसील कचेरीत मुहर्रिर होतो, म्हणजे उर्दूत कागद लिहिणारा कारकून. सगळे मला मुनशीजी म्हणायचे.

*

मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा पस्तिशीचाही नव्हतो. बायको तापानं जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी उठलो की बोटं सुजून लाल झालेली असायची. सदऱ्याच्या गुंड्या लागायच्या नाहीत, तांब्या हातातून निसटायचा. उन्हं चांगली वर आली की मग कुठं बोटं वळायला लागायची.

हकीमजींनी एकेक सांधा दाबून पाहिला. मला वाटलं, आता मागच्या फळीवरची बाटली काढतील. त्यांनी बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घरात कोण रांधतं?"

"मीच."

"खानेवाले किती?"

"मीच."

"फिर तो आसान है," ते म्हणाले. "बाकीच्यांचं पथ्य घरचे मोडतात. आईनं लाडू केले, सासूनं दही लावलं. तुमचं मोडायला घरात कोणी न्हाई."

त्यांनी हे दिलासा म्हणूनच सांगितलं होतं. मी कुंडलिका नदी ओलांडून खोलीवर येईपर्यंत तेच शब्द घोळवत होतो.

पथ्य असं होतं: दही, उडीद, चिंच, वांगं, गूळ आणि शिळं दीड महिना बंद. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, वर सुंठीचा काढा. त्यानंतर बंद केलेलं एकेक परत खायचं, आठ-आठ दिवस, आणि रोज लिहून ठेवायचं. "एका वक्ताला एकच," हकीमजी बजावून म्हणाले. "दोन पदार्थ एकदम आणले तर चोर कोण ते कळत न्हाई." चूर्णांचंही तेच. एक सुरू असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही.

*

पथ्य सुरू झालं तरी उजवा हात लगेच कुठला ऐकणार? कचेरीत शिरस्तेदारांनी माझा एक कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "मुनशीजी, हे अक्षर आहे का मुंग्या चालल्यात?"

मला धडकी भरली. लिहिता आलं नाही तर मुहर्रिर कसला? डावा हात त्यातल्या त्यात बरा होता. मी एक पाटी आणली आणि घरी डाव्या हातानं अलिफ-बे गिरवायला बसलो. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते, त्यामुळे डाव्या हाताखाली ओली शाई पसरत नाही, हे मला त्या वयात कळलं. बोरूचं टोक मात्र उलटं कापावं लागलं.

तीन-चार महिन्यांनी तहसीलदारसाहेबांनी एका कागदावर बोट ठेवून विचारलं, "हा नवा मुहर्रिर कोण? अक्षर चांगलं आहे."

शिरस्तेदार माझ्याकडं बघत राहिले. मी खाली बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांगितलं, तेव्हा सुगनचंदजी म्हणाले, "मुनशीजी, आता उजव्याला पेन्शन देऊन टाका."

सगळे हसले. मीही हसलो. पण आदल्या दिवशी ही बातमी घेऊन मी घरी आल्तो, तेव्हा कुलूप काढून आत गेलो, पाटीवर डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं, थोडा वेळ बघितलं आणि पुसून टाकलं.

*

हे सुगनचंदजी म्हणजे नदीपल्याडच्या कादराबादेतले कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण सुगनचंदजी बोलायला पक्के जालन्याचे. दोन्ही गुडघे नारळाएवढे. हकीमजींनी त्यांचं दही तोडलं होतं. महिना झाला तरी गुडघे तसेच.

हकीमजींनी विचारलं, "दही?"

"बिलकुल बंद."

"ताक?"

"शिवलो न्हाई."

"कढी?"

सुगनचंदजी आढ्याकडं बघायला लागले. "कढी तर गरम असती, हकीमजी."

"किती?"

"सकाळच्याला दोन वाट्या. संध्याकाळी दोन."

आम्हाला हसू आवरेना. सुगनचंदजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या घरी कढी ती करायची. जाण्याआधी थोरल्या सुनेला शिकवून गेली. घर भरलेलं आहे माझं, पण तिच्या हातची तेवढीच चव राहिली. ती पण बंद करू?"

हकीमजींनी खलबत्ता बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आठवड्यातून एक वाटी. पण दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला तर तक्रार करायची न्हाई."

"मंजूर."

सुगनचंदजींनी मंगळवार धरला. बुधवारी लंगडत ओट्याची पायरी चढायचे आणि कोणी काही विचारायच्या आत स्वतःच सांगायचे, "तक्रार न्हाई."

*

ओट्यावर एकच बाई बसायची, भागाबाई. सासर टेंभुर्णीचं, शेतीवाडीचं. नवरा गेल्यावर ती जालन्यात भावाकडं राहायला आली. हाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली. ती दाराशेजारी, आमच्यापासून जरा अंतरावर बसायची आणि लुगड्याच्या पदराखाली हात झाकून ठेवायची.

एकदा ती दीड महिना आलीच नाही. आली तेव्हा ओळखू येईना. हिरड्या सुजलेल्या, तोंडातून सारखी लाळ, बोलणं जड. पण हात मात्र मोकळे. बाजारात कोणी फिरता औषधवाला आल्ता, त्याच्याकडून तिनं काळ्या गोळ्या घेतल्या होत्या. चार दिवसांत दळायला बसवतो म्हणाला आणि खरंच बसवलं होतं.

हकीमजींनी एक गोळी मागितली, फोडली आणि तांब्याच्या पळीवर अंगठ्यानं घासली. पळीवर पांढरा चकचकीत डाग उमटला.

"पारा आहे," ते म्हणाले. "कच्चा. आणखी महिनाभर घेतल्या असत्या तर दात ओंजळीत आले असते. त्यानं सांगितलं न्हाई आत काय आहे?"

"न्हाई इचारलं."

"बाई, पोटात घालायच्या आधी एवढं तरी विचारायचं."

भागाबाई पळीवरच्या डागाकडं बघत होती. म्हणाली, "हकीमजी, दीड महिना जात्यावर बसले. पाणी भरलं. दळताना भावजय समोर बसून बोलत व्हती माझ्याशी, दोन वर्षांत पहिल्यांदा. गोळी वाईट आसंल. पर दिवस चांगले गेले."

हकीमजींनी उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या. तिनं पुडी सोडायला जरा उशीर लावला. आठ-दहा दिवसांत हिरड्या उतरल्या आणि बोटं परत सुजली. ती पुन्हा रोज ओट्यावर येऊन बसायला लागली.

*

हकीमजी आम्हाला सांध्यांसाठी सुरंजान आणून घ्यायला सांगायचे. ही एक मुळी असते. गोड सुरंजान पोटात घेतात. कडू सुरंजान जहर, ती नुसती वरून लेप लावायला. वाळल्यावर दोन्ही दिसतात सारख्याच.

एका थंडीत मी पंसाऱ्याकडून, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याकडून, मुळी आणली. हकीमजींचा नियम होता की कुटायच्या आधी चिमटीएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि थुंकायचा. मी ठेवला. कडू. तसाच परत गेलो.

पंसारी म्हणाला, "औषध कडू न्हाई तर काय गोड राहणार?"

मी हकीमजींना सांगितलं. त्यांनी टोपी घातली, कादराबादेत त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि बरणी समोर ओतून घेतली. एकेक तुकडा जिभेला लावायचे, थुंकायचे, डावीकडं किंवा उजवीकडं टाकायचे. दुपार टळली. बरणी संपली तेव्हा त्यांची जीभ बधिर झाली होती आणि पंसारी घामाघूम.

"दोन बरण्या करा," हकीमजी बोबडं बोलत म्हणाले, "आणि वर चिठ्ठी लावा."

दोन दिवस त्यांना कशाचीच चव कळत नव्हती. सुगनचंदजींनी विचारलं, "एवढं स्वतः कशाला करायचं? त्यालाच चाखायला लावायचं."

हकीमजी म्हणाले, "त्याला बायको आहे, चार पोरं आहेत." आणि पुड्या बांधायला लागले. हकीमजी दवाखान्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे, हे आम्हाला माहीत होतं. पण त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कोणी त्याचा विचार केला नव्हता.

*

दीड महिन्याचं माझं पथ्य ओढत ओढत तीन महिन्यांवर गेलं, पण उपयोग झाला. उजव्या हाताची मूठ वळायला लागली. मग एकेक पदार्थ परत आणला. उडदाला तिसऱ्याच दिवशी बोटं लाल झाली. तो कायमचा सुटला. गुळानं थोडं दुखलं. चिंचेनं बरंच दुखलं, दह्यानंही.

राहता राहिलं वांगं. वांगं म्हणजे माझा जुना वैरी. हकीमजींकडं येण्याच्या आधीपासून मी ते सोडलं होतं. कोणाच्या घरी गेलो तरी "वांगं चालत न्हाई" म्हणून ताटावरून उठायचो. बहिणीनं एकदा हौसेनं भरली वांगी केली होती, मी नुसती भाकरी खाल्ली. ती रुसली ती रुसलीच.

आता चुलीत वांगं भाजलं, भरीत केलं, आठ दिवस खाल्लं. काही झालं नाही. बोटं जशीच्या तशी.

नवव्या दिवशी हे सांगायला मी भरभर नदी ओलांडून गेलो. दवाखान्याला कुलूप. शुक्रवार होता, हकीमजींचा सुट्टीचा दिवस, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दाराशेजारी नेहमीच्या जागी भागाबाई बसली होती.

"भागाबाई, आज शुक्रवार आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"मग?"

"घरी तरी काय करून राह्यले असते?"

मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. जरा वेळानं म्हणालो, "मला वांगं चालतं."

ती माझ्याकडं बघून चक्क हसली. "बरं झालं की मंग," म्हणाली.

ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत आम्ही बसलो होतो.

*

सुगनचंदजी गेले ते सांध्यांनी नाही, छातीनं गेले. झोपेतच.

तेराव्याचं बोलावणं मला आलं, भागाबाईलाही आलं. खरं तर पंगतीला जाणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. पथ्यवाल्याला पंगत म्हणजे शिक्षा. लोक आधी आग्रह करतात, मग रुसतात, मग बोलवायचं सोडतात. पण सुगनचंदजींच्या तेराव्याला कसं नाही जायचं?

घराच्या चौकात बायकांची पंगत होती, बाहेर मांडवात पुरुषांची. बुंदी, पुरी, दहीवडे. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, दोन घास खाऊन उठावं म्हणून. तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा हिरालाल आला आणि म्हणाला, "मुनशीजी, तुम्ही इकडं चला."

त्यानं मला दुकानाच्या मागच्या ओसरीत नेलं. तिथं एकच चटई अंथरली होती आणि तिच्यावर दोन पत्रावळी होत्या. त्यांवर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, दुधीची भाजी. भागाबाई आधीच येऊन बसली होती. एका पत्रावळीपुढं अंग चोरून, पदर कपाळापर्यंत ओढून.

मी दारातच थांबलो. हिरालालही अवघडला होता. चौकातून एक-दोन बायका वाकून बघत होत्या.

"बाबूजींनी सांगून ठेवलं होतं," तो हळूच म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वीच. म्हणाले, माझ्या तेराव्याला दोन पथ्याची पानं वाढा. आणि शेजारी शेजारी वाढा. मी विचारलं, असं कसं करायचं बाबूजी, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, तू वाढ."

हिरालाल गेला. मी चटईवर बसलो.

त्या दिवशी भागाबाईची बोटं फारच सुजली होती. भाकरी तिच्याकडून मोडेना. दोनदा प्रयत्न करून तिनं हात मांडीवर ठेवले. मी माझ्या पत्रावळीवरचा हात काढला, तिची भाकरी घेतली, बारीक मोडली, तिच्या वरणात कुस्करली. तिनं एकेक घास करून खाल्लं.

थोड्या वेळानं म्हणाली, "मुनशीजी, मीठ जरा जास्त झालंय."

"हो, झालंय," मी म्हणालो.

बाहेर एक पंगत उठली, दुसरी बसली. वाढपी दोनदा येऊन विचारून गेला, आणखी काही हवं का म्हणून. आम्ही नाही म्हणालो. जेवण केव्हाच संपलं होतं. आम्ही दोघंही उठलो नाही.