रबरी म्हाताऱ्याचे खांदे

ह्या पोराला एका जागी बसवत नाही, असं आबा माझ्याबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते खोटं बोलत नव्हते. पंचविशी गाठेपर्यंत मी धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवून पाहिल्या, नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करून पाहिली आणि दोन्ही सोडून शेवटी नंदुरबारच्याच एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो. शनिवारी शाळा सुटली की तापीकाठच्या आमच्या गावी पळायचं, आणि रविवार उजाडत नाही तो परत कधी निघतो असं व्हायचं. गावात करमत नसे, आणि नंदुरबारात पोचलो की तिथंही करमत नसे.

घरात माणसं मोजकीच. आई लवकर गेली होती. आबा, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. भाऊ केळी आणि कपाशी बघायचा, आणि आबांसमोर त्याची मान कधी वर व्हायची नाही. वहिनी तर आबांशी बोलतच नसे. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढून वावरायची आणि त्याच्याशी अवाक्षर काढायची नाही. लग्नाला बारा वर्षं झाली तरी घरात ती आबांना उद्देशून एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर मध्ये पोरगी. "जाय, आबाले सांग, ताट वाढेल शे," असं वहिनी चुलीपाशी म्हणायची आणि पोरगी ओसरीवर येऊन तेच पुन्हा सांगायची. आबा चार हातांवर बसलेले असायचे, त्यांना पहिल्यांदाच सगळं ऐकू आलेलं असायचं, तरी ते पोरगी येईपर्यंत थांबायचे. मला हे बघून इतका वैताग यायचा की मी उठून बाहेर जायचो.

वर्षात एक दिवस मात्र हे सगळं उलटं व्हायचं. धुळवडीला गावात सोंगं निघायची. आबांचं सोंग म्हाताऱ्याचं. नंदुरबारच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे मुंबईहून आलेला एक विलायती रबरी मुखवटा खिळ्याला लटकत होता. डोक्यावरून पार मानेपर्यंत ओढायचा, टक्कल पडलेला, गाल लोंबणारा, नाकावर चामखीळ असलेला म्हातारा. आबांनी केळीचे दोन घड देऊन तो आणला. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. त्याच्याआधी गावातली सोंगं तोंडाला काजळ-शेंदूर फासून निघायची, त्यामुळे पहिल्या वर्षी लेकरं घाबरून कोठीत लपली. आबा कमरेत वाकून, काठी टेकत, एका चिरक्या आवाजात साऱ्या गावाला शिव्या घालत दारोदार फिरायचे. आत कोण आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, पण सोंगाला ओळख द्यायची नाही, हा नियम. सोंग म्हणजे सोंग. ते कुणाचा सासरा नसतं.

म्हणून त्या दिवशी वहिनी बोलायची. पदर बाजूला, कमरेवर हात, भर अंगणात. पहिल्या वर्षी तिनं म्हाताऱ्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि ओरडली, "ओ म्हतारा, तुन्हा सुनना डोया धूरमा जाई ऱ्हायनात! चूलनी खोलीले खिडकी पाड ना!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. म्हाताऱ्यानं चिरक्या आवाजात तिच्या माहेरचा उद्धार केला आणि पुढच्या घरी गेला. आठवड्याभरात सुतार आला, चुलीच्या खोलीला खिडकी पडली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या एका वर्षी तिनं आपल्या भावाच्या लग्नाला माहेरी जायला आठ दिवस मागितले आणि ते मिळाले. वर्षभराचं सगळं ती त्या एका दिवसासाठी साठवून ठेवायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. पोरगी चौथीत होती आणि गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर नंदुरबार, म्हणजे माझी खोली. मी दोनदा आबांकडे विषय काढला. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "तू सोता एक जागावर बठत नही, पोरले काय संभाळशी?" मी चिडलो, पण बोलायला तोंड नव्हतं. खरी गोष्ट ही की, त्याच महिन्यात मी सुरतेच्या एका कापड छापण्याच्या कारखान्यात नक्षी काढायच्या कामासाठी अर्ज टाकला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

वहिनी माझ्या मध्यस्थीवर विसंबून नव्हतीच. ती धुळवडीची वाट बघत होती. पोरीच्याच शिक्षणाचं पोरीच्याच तोंडून सांगून पाठवणं तिला जमणारं नव्हतं. हे म्हाताऱ्यालाच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं.

होळीच्या दिवशी सकाळी आबांनी मुखवटा घालून बघितला आणि तो कानापासून हनुवटीपर्यंत फाटला. मी तो हातात घेतला तर चिकट, फुगलेला, नको तिथं मऊ. वास ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर आबा सरळ म्हणाले, "एरंडेल लावस ना मी. तेल नही लावं ते तडकी जाई. मोटले नही लावतस का?" दर दोन महिन्यांनी, न चुकता, दहा वर्षं! विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेला जसं तेल चोळायचे, त्याच मायेनं ते रबराला तेल पाजत होते. चामडं तेलानं टिकतं आणि रबर तेलानं सडतं. माझं डोकंच फिरलं. "आबा, तुम्हीच मारलाय ह्याला," मी ओरडलो. आबांनी माझ्या हातातला मुखवटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

त्या वर्षी सोंग निघालं नाही. धुळवडीच्या दुपारी वहिनीनं मला चुलीच्या खोलीच्या दारात गाठलं. "औंदा सोंग निंघाव नही का, भाऊ?" मी नाही म्हटलं. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली, इतक्या जोरात की भाकरी फाटली असेल.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी स्वस्थ बसणारा माणूसच नव्हे. मी आबांना म्हटलं, हा आता घालण्याजोगा नाही, पण आतून भरून, खाली मान आणि खांदे देऊन पाटावर उभा करता येईल, कायमचा टिकेल. आबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "भरी टाकशी ते मंग मी घालसु कसा?" गुडघ्यांमुळे आबा आदल्या वर्षीच दोनदा पडले होते. मुखवटा धड असता तरी ते फिरू शकले नसते, हे त्यांना आणि मला दोघांना माहीत होतं, आणि ते मोठ्यानं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या पिशवीवर मुखवटा ठेवलेला होता, जुन्या धोतरात बांधून.

नंदुरबारच्या खोलीत मी कामाला लागलो. आधी घाईघाईनं कापूस कोंबला, तर म्हाताऱ्याला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं. मग काळ्या मातीचं डोकं करून त्यावर चढवला. दोन दिवसांत माती सुकून आक्रसली आणि तोंड लटकलं. मी तो खोलीच्या कोपऱ्यात भिरकावला आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन सुरतेकडे जाणारी गाडी बघत उभा राहिलो. परत आलो, पुन्हा उचलला. शेवटी धीरानंच जमलं, आणि धीर माझ्याकडे कधी नव्हता. आतून शंखजिऱ्याची पूड चोळून तेल शोषून घ्यायचं, पुसायचं, पुन्हा चोळायचं. वर्तमानपत्रं भिजवून, मेथ्या वाटून घालून लगदा करायचा आणि आतल्या बाजूनं पातळ थर द्यायचा. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. चैत्रातल्या उन्हात पत्र्याखाली मी एकेका थराची वाट बघत बसायचो. फाटलेली बाजू आतून कापडाची पट्टी लावून जुळवली, वरून रंग दिला. मध्ये लाकडाचा दांडा, तारेचे खांदे, त्यावर गोणपाट आणि आबांची जुनी बंडी. डोळ्यांच्या भोकांत पांढऱ्या रंगवलेल्या गोट्या बसवल्या. एक गोटी जरा सरकली आणि म्हातारा कायम डावीकडे बघायला लागला. ती सरळ करायला पुन्हा सगळं फोडावं लागलं असतं. मी नाद सोडला.

त्याच दिवसांत सुरतेचं पत्र आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हा, असं लिहिलं होतं. मी ते चार वेळा वाचलं आणि खिशात ठेवलं. सुट्टी लागली, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली, आणि मी म्हाताऱ्याला पोत्यात गुंडाळून गावी निघालो. मनात होतं, हा देऊन टाकायचा, सुरतेचं सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्या शेजारच्या कोनाड्यात पाट ठेवला, पोतं काढलं. आबांनी हात पुढं केला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून फिरवला, आपल्याच बंडीवरून. "बरा बनाडा," एवढंच म्हणाले. भाऊ येऊन बघून गेला. शेजारचे आले, हसले, गेले. ऊन कलायला लागलं होतं. मी सुरतेचं कसं काढावं ह्या विचारात खांबाला टेकून उभा होतो.

तेवढ्यात वहिनी आतून आली. पदर हनुवटीपर्यंत. आबा बसलेले असताना ती ओसरीवर येत नसे, त्यामुळे मी दचकलो. ती आबांकडे न बघता कोनाड्यापाशी गेली आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. मग तिनं पदर मागे सारला. धुळवड होऊन दीड महिना उलटला होता, दारासमोरून माणसं जात होती.

"ओ म्हतारा," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "तुन्ही नात चौथी पास व्हयनी. तिले नंदुरबारले धाड. मन्हासारखी चूल फुकत नको बसाडू तिले."

दारात पोरगी उभी होती. भाऊ बैल सोडता सोडता थांबला. आबा जागचे हलले नाहीत. त्यांच्या उघड्या चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर, त्यांची सून पदर मागे सारून उभी होती, आणि त्यांनी नजर उचलून तिच्याकडे बघितलं असतं तर सगळं तिथंच मोडलं असतं. ते जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील.

मग आबांनी घसा खाकरला आणि मान खाली ठेवूनच म्हाताऱ्याच्या त्या चिरक्या आवाजात म्हणाले, "धाडसु ना. पन हाऊ एक जागावर ऱ्हाई का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनीही. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. बारा वर्षांत आबांसमोर तिचा पुरता चेहरा मी अंगणात, धुळवडीच्या गोंधळातच काय तो पाहिला होता. शर्टाच्या खिशात पत्र होतं. मला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगतो.

"ऱ्हासु," मी म्हणालो.

सुरतेला मी उत्तर पाठवलं नाही. पोरगी माझ्याकडे सात वर्षं राहिली, मॅट्रिक झाली. त्या सात वर्षांत एकही दिवस मला नंदुरबार आवडलं नाही, आणि हे मी तिला कधी कळू दिलं नाही.