काय चुकतं ते तूच सांग

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला गोल्फच्या प्रशिक्षणात जागा मिळाली आणि त्या जागेमुळंच संभाजीनगरात राहायला वसतिगृह. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं. ती जागा गेली असती तर माझं शिक्षणही तिथंच थांबलं असतं. रोज सकाळी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेताना हे आठवायचं.

दिवाळीनंतर आमच्या प्रशिक्षक सरांनी चाचणी जाहीर केली. म्हणाले, "निम्म्यांनाच ठेवणार. पण खेळायच्या आधी आपलं काय चुकतं ते ज्यानं त्यानं सांगायचं. मी सांगणार नाही."

मला खेळण्यापेक्षा या सांगण्याची धास्ती बसली. गावच्या शाळेत 'येत नाही' म्हणणारं पोर वर्गाबाहेर उभं राहायचं. जे येत नव्हतं ते झाकूनच मी पहिल्या बाकापर्यंत पोचले होते.

खोलीतली मैत्रीणही माझ्यासोबत प्रशिक्षणात होती. ती म्हणाली, "येडी हाईस का? 'सर, सराव कमी पडतोय' म्हणायचं. हे कुणालाबी लागू पडतं."

"आणि त्यांनी पुढं विचारलं तर?"

"तर रडायचं. ते तुला लई भारी जमतं."

मला हसू आलं नाही. खरं तर काय चुकतं ते मलाच माहीत नव्हतं. आमचं सरावाचं मैदान मुरमाचं. तिथं माझे फटके बरे जायचे. चाचणी जिथं व्हायची त्या हिरवळीवर मात्र चेंडू उठायचाच नाही, उंदरासारखा गवतातून पळायचा.

सर नेहमी म्हणायचे, चेंडू कुठं गेला ते नंतर बघा, आधी क्लब जमिनीला कुठं लागला ते बघा; नीट फटका चेंडूला लागून मग पुढची जमीन खरवडतो. एका रविवारी मैदान रिकामं असताना मी मुरमावर रांगोळीची रेघ ओढली, रेघेवर चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू छान गेला. खाली पाहिलं तर रेघेच्या पुढं काय, मागंही ओरखडा नव्हता. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मुरमात क्लब आपटला की मनगटात कळ जाते. ती टाळायला मी क्लब जमिनीला लागूच देत नव्हते, वरच्यावर चेंडू टिपत होते. कडक जमिनीवर ते खपत होतं. गवतात बसलेल्या चेंडूच्या मात्र डोक्यालाच क्लब लागत होता.

मग पाण्याच्या टाकीमागच्या मऊ मातीत तशीच रेघ ओढून सराव सुरू केला. आधी माती रेघेच्या मागंच उखडायची, मग रेघेवर, कधीमधी पुढं. पण कळ येईल या भीतीनं हात अजूनही आखडायचे.

चाचणीच्या दिवशी मैत्रिणीनं ठरलेलं वाक्य म्हटलं. सर नुसते "बरं" म्हणाले. मग माझा नंबर आला.

"सर, मी जमिनीला भिते. क्लब लागू देत नाही. मऊ मातीत थोडं सुधारलंय, पण पक्कं नाही."

"कधी कळलं हे?"

"तीन आठवडे झाले असतील."

"मग आजपर्यंत गप्प का?"

"काढून टाकाल म्हणून."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. सर हसले नाहीत. "खेळ," म्हणाले.

पहिला चेंडू गवतातून पळाला. आता गावाकडची बस, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या वेळी मी डोळे चेंडूपुढच्या गवतावर ठेवले आणि दात आवळून मारलं. गवताचा तुकडा उडाला. चेंडू वर गेला, पण उजवीकडं भरकटला. सरांनी चेंडूकडं पाहिलंच नाही. ते वाकून गवतातली खूण बघत होते.

"उद्यापासून मुरमावर जायचं नाही. महिनाभर इथंच," ते म्हणाले. म्हणजे मला ठेवलं होतं, हे कळायलाच मला वेळ लागला.

संध्याकाळी घरी फोन केला.

"ठिवलं का तुला?" वडिलांनी विचारलं.

"व्हय."

"मग रडतीस कामून?"

"काय येत न्हाई ते सांगितलं, तरीबी ठिवलं," मी म्हणाले. मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.