भोकाभोकांची चकती

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कुवेतच्या मंगफ भागात राहत होतो. तिथं दारूबंदी, म्हणून घरीच बिअर करायचो. मी केमिकल इंजिनियर, पुण्याचा, डोक्यात नको तेवढी हवा. बायको मटकीला आणावेत तसे जवाला मोड आणायची, गच्चीवर वाळवायची आणि वर ऐकवायची, "विमानात बसवून पाठवतील ना, मग कळेल."

त्या जवाचा भरडा गरम पाण्यात तासभर एकाच तापमानाला ठेवायचा आणि मग तोटीतून गोड पाणी काढायचं, एवढंच काम. साइटवर पिण्याच्या पाण्याचे जाड प्लास्टिकचे कूलर असतात, तसला एक पुरे होता. बायको म्हणाली, "आत पंचा बांध आणि सोड तोटी." पंचा बांधायला मी काय चक्का टांगत होतो? भरडा अडवायला मला कूलरच्या तळाशी बसणारी स्टीलची चकती हवी होती, बारीक भोकांची. रीतसर ड्रॉइंग काढलं. उजव्या कोपऱ्यात चौकट, तीत नाव, तारीख, सही. हाताला वळणच तसं. चोरीच्या कामावरही सही करणारा गाढव मीच.

ते ड्रॉइंग मी आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरला दिलं. नाशिककडचा माणूस, तीन वर्षं एकटा राहिलेला. त्याच महिन्यात बायकोमुलीचा व्हिसा मंजूर झाला होता आणि तो अबू हलीफात खोली बघत होता. दारूला शिवायचाही नाही.

"कशाला लागते साहेब ही?"

"भाजी वाफवायला," मी म्हणालो. त्याला कळलं नसेल असं नाही. साहेबाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यानं केली.

ती घेऊन बाहेर पडताना तो गेटवर सापडला. कंपनीचं स्टील, गेटपास नाही. कुणी करायला सांगितली विचारलं, तर म्हणाला, माझीच आहे. मला तासाभरात कळलं. सिक्युरिटीचं ऑफिस माझ्या टेबलापासून दोन मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. मुलाची शाळा, बायकोचे दिवस भरत आलेले, कारणं खूप होती. खरं एकच, मी भेकड होतो.

आठवड्याच्या आत त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला परत पाठवायचं ठरलं. घरच्यांचा व्हिसाही गेला. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी निर्लज्जासारखं विचारलं, "चहा घेणार?"

त्यानं खिशातून कागदाची एक घडी काढून माझ्या हातात ठेवली. ड्रॉइंगचा उजवा कोपरा होता, फाडलेला.

"गेटवर रांग होती साहेब. माझा नंबर यायच्या आत फाडून घेतला. तुमचं नाव होतं त्यावर."

चहा न घेताच गेला.

पुढच्या शुक्रवारी मी कूलरमध्ये पंचा बांधला आणि तोटी सोडली. गोड पाणी अगदी स्वच्छ आलं.